हिशेब

रात्री दोनला तळोधीहून निघालो.
मागं ताटं, चार गंज, झारे,
लाल कार्पेटची गुंडाळी
आणि तिच्यावर तोंडावर दुपट्टा घेऊन दुधराम.

ताटं तीनशे दिली होती, दोनशे शहाण्णव आली.
नवरीच्या मामाशी अर्धा तास घासलो.
तो म्हणे, चार ताटानं तुमचं बिछायत केंद्र बुडते का?
म्हटलं, बुडत नाही. झोप येत नाही.
आमच्या धंद्यात माणसं कोण मोजतो,
ताटं मोजायची.
जेवून गेलेल्यांची तेवढीच नोंद.

काच उघडी होती. मोहाचा वास आत येत होता,
किंचित आंबूस,
शेजारच्या सीटवर कुणी बसून
हळूच श्वास सोडावा तसा.

बोडीच्या पाळीपाशी, वळणावर,
आधी डोळे आले.
शरीर नंतर.

ब्रेक.
मागं सगळी ताटं एकदम बोलली,
मग एक झारा एकटाच, बराच वेळ,
कुठल्यातरी गंजाच्या काठावर.
मग तोही गप्प.

लटारूकाकानं मला स्टिअरिंग शिकवलं,
आणि स्टिअरिंगच्या आधी हे:
"हरीण दिसलं का लाइट बंद कर.
उजेडात ते उभंच राह्यते.
त्याले वाटते दिवस निंगाला,
अन् दिवसा कुठी जाचं
ते त्याले ठाऊक नसते."

लाइट बंद केले. इंजिनही.
अंधार आधी काचेवर आपटला,
मग दार न वाजवता आत येऊन बसला.

तेवढ्यात समोरून ट्रक.
मी डिपर दिला. एकदा, दोनदा.
रात्रीच्या रस्त्यावर डिपरचे शंभर अर्थ:
पुढं पोलीस आहे, बाजूला हो,
तुझा एक लाइट गेलाय, ये, मर.
त्याला कोणता लागला कुणास ठाऊक.
पण तो थांबला,
आणि त्यानंही विझवले.

आता दोन गाड्या तोंडाला तोंड
आणि मधला चाळीस पावलांचा तुकडा
बांधकाम खात्याचाही नाही.

डांबरावर खूर वाजले.
वाजले म्हणजे,
नखानं कुणी ताटाची कड तपासावी तेवढे.
चांदणं नव्हतं. ठिपके कुठले दिसायला.
रस्ता तेवढा फिकट,
त्यावर एकेक काळं उमटत होतं, पुसलं जात होतं.

मी मोजू लागलो. सवयच ती.
पाच. सहा.
सातवं थबकलं, आमच्याकडे वळलं,
खरकट्या वरणाचा, डालड्याचा वास घेतला
आणि नाक शिंकरलं.
अकरावा नर,
कुणी वाळली फांदी डोक्यावरून नेत असावं तसा, सावकाश.
सोळा.
मग काहीच नाही.
मी चावीला हात घातला, काढला.
मग एक लहान, घाईघाईत,
डांबरावर पाय घसरला, सावरला,
सतरा.

समोर विडी पेटली.
ट्रक सुरू झाला, मीही.
बाजूला आलो तेव्हा दोघांनीही गाडी हळू केली.
त्याची खिडकी उंच. चेहरा दिसला नाही, कोपर दिसलं.
"कितीक गेले गा?"
"सतरा."
त्यानं विडी ओढली. राख खाली पडू दिली.
"मी त अठरा मोजले,"
म्हणाला, आणि गेला.

मामाशी भांडलो तसा याच्याशीही भांडलो असतो,
वही काढली असती.
पण बांबूंचं लांब शेपूट
टोकाच्या लाल फडक्यासकट
वळणाआड गेलं होतं.

नागभीडच्या फाटकापर्यंत सेकंड गियरमध्ये आलो.
दर झुडपाशी अजून हळू.
मागची काच वाजली. दुधराम.
"गाडी बिघडली का भाऊ?"
"नाही. झोप."
"मंग?"
म्हटलं, एक यायचं राहिलंय.
"ताट?"
त्यानं अर्धवट झोपेत विचारलं.
मी हो म्हणून टाकलं.